लागलं तर लागलं म्हण

यमुनाताई पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनं मला ढकललं.

मी तेव्हा जव्हारला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलवरच्या एका मुलीनं सांगितलं होतं की बाजारपेठेमागे एक ताई राहते, ती इंग्लंडला शिकून आलीय आणि सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशात जाणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना तयार करते. मी चपला काढून दारात उभी राहिले. नाव सांगितलं, गाव सांगितलं. घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, हेही सांगितलं, कारण असं सांगायचं असतं असं मला वाटायचं. ती उठून जवळ आली आणि खांद्याला हात लावून तिनं मला मागे लोटलं.

"लागलं?"

"नाही ताई."

तिनं पुन्हा लोटलं, आधीपेक्षा जोरात.

"लागलं?"

"नाही."

पुढच्या वेळी मी लोखंडी कपाटावर जाऊन आपटले. कपाटावरचा डबा खाली पडला आणि चण्याची डाळ सगळीकडे झाली.

"हो, लागलं!" मी ओरडले. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मग पहिल्या बारीलाच का नाय बोललीस? अशी गेलीस तर मरशील तथं. बस, बाय. चहा घे."

मग आम्ही दोघींनी मिळून डाळ वेचली. तिच्याविषयी लिहायचं म्हटलं की मला ती डाळ आठवते. तिच्याविषयी नीट लिहायला जमेल का, याची खात्री नाही. तिला चांगली बाई म्हणणारे फार कमी भेटले. 'आडदांड' म्हणणारे पुष्कळ भेटले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

ती अंगानं बारीक होती, पण मनगटं पुरुषासारखी. डाव्या तळहातावर मधोमध पांढरा, जाड वण होता. बोलताना ती टेबलावर, भिंतीवर, स्वतःच्या मांडीवर हात आपटायची. तिच्या खोलीत एक खाट, एक टेबल, पुस्तकं, आणि मधोमध उखळ आणि मुसळ. रडत आलेल्या पोराला ती विचारायची नाही की काय झालं. "आधी कांड," म्हणायची. मूठभर भात उखळात टाकायची आणि मुसळ हातात द्यायची. पोरगं घामानं भिजलं, दमलं, की मग बोलायला लागायचं. एखादं बोलायच्या आधी आईबापाला शिव्या द्यायचं. ताई ऐकून घ्यायची. "अजून काय?" एवढंच म्हणायची.

घरमालकांचं पुढे कापडाचं दुकान होतं. त्यांच्या बायकोला ती वहिनी म्हणायची. मुसळ चालू झालं की वहिनींचा आवाज यायचा.

"यमुनाबाई, भिंत पडेल हो माझी!"

"पडू दे वहिनी, बांधून देते!"

"आणि देवाच्या फोटोची काच?"

"ती पण देते!"

एकदा दुपारी वहिनीच आत आल्या. तोंड लाल झालेलं. पदर खोचला आणि मुसळ उचलून कांडायला लागल्या. आम्ही मुली पुस्तकं मिटून भिंतीला चिकटून बसलो. बराच वेळ कांडून झाल्यावर त्यांनी मुसळ उभं केलं, केस सारखे केले आणि ताईला म्हणाल्या, "भात मात्र बारीक झाला हो तुमचा." आणि गेल्या.  ताईनं आम्हाला हसू दिलं नाही.

तिचा शिकवायचा प्रकार असा होता. ती आम्हाला तिथल्या बस, बँका, थंडी, वर्गात प्रश्न कसा विचारायचा, हे सगळं सांगायची. मग अचानक ती दुसरीच कुणी व्हायची. कधी नाक दाबून खोलीतली पार्टनर व्हायची: "काय जाळलंस? सुकट? खिडकी उघड!" कधी प्राध्यापक व्हायची आणि निबंध तोंडावर फेकायची. आपण गप्प राहिलो तर ती आणखी चढायची. एका मुलानं रागानं स्टूल फेकलं, ते तिच्या नडगीला लागलं. ती खाली बसली, नडगी चोळली आणि म्हणाली, "हां. आता हे फेकलंस ते इंग्रजीत बोलून दाखव."

एक गोष्ट ती प्रत्येकाला शपथेसारखी वदवून घ्यायची. तिथल्या कॉलेजात काउन्सिलर असतो, मनातलं ऐकून घेणारा, त्याच्याकडे पहिल्याच आठवड्यात जायचं. "रडायला येत नसलं तरी जा. दार कठं हाय ते बघून ये. आग लागल्यावर दार शोधता येत नाय."

तिला ते दार उशिरा सापडलं होतं.

हे ती एकदाच बोलली, कांदे चिरताना, आणि सुरी इतकी जोरात चालवत होती की आमचं लक्ष तिच्या बोटांकडेच होतं. ते समजण्यासाठी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. भातकापणी संपली की आमच्याकडची माणसं वीटभट्टीवर, बांधकामावर, वसई-भिवंडीकडे जातात. त्याला आम्ही 'जगायला जाणं' म्हणतो. जगायला गेलेल्या माणसाला घरचं वाईट कळवत नाहीत. तो तिथून उठून येणार कसा, आणि आलाच नाही तर झुरणार. तो परत आला की अंगणातच थांबवतात, पाणी देतात, आणि मग सांगतात कोण मेलं. तोपर्यंत फोनवर एकच: "बरा हाय, सगळा बरा हाय." त्याच्याकडूनही तेच. तिथं त्याचा हात मोडलेला असला तरी तो म्हणणार, बरा हाय.

ताई विमानात बसली तेव्हा तिचा बाप पाड्यात सगळ्यांना म्हणाला होता, "यमू जगाया चालली."

तिचा धाकटा भाऊ गणपत भट्टीवर ट्रॉली उलटून चिरडला. ताईला सांगितलं नाही. ती दर रविवारी फोन करायची, गणपत दर रविवारी कामावर गेलेला असायचा. तिनं त्याच्यासाठी जॅकेट घ्यायचं ठरवलं, त्याचं माप विचारलं तर आईनं माप पण सांगितलं. काही महिन्यांनी कुणा चुलत भावानं मोबाइलच्या स्टेटसला फोटो लावला. गणपतचा फोटो, हार घातलेला.

"मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. मी सगळी भांडी फोडली. सगळ्यांची. एका मुलीच्या आजीनं दिलेला कप होता, तो पण फोडला. हात फाटला ते कळलं नाय. त्यांनी पोलीस बोलवले. दोन पोलीस आले, एक बाई होती. त्यांनी मला हात नाय लावला. लांबूनच बोलत राहिले, अगदी हळू. आपल्याकडं कुणीतरी थोबाडीत मारली असती, पण धरलं तरी असतं."

सुरी थांबली.

"काउन्सिलरबाई म्हणाली, श्वास मोज. मला वाटलं तिला खिडकीतून फेकावी. मग तिनं विचारलं, भावाचं नाव काय? तिला 'गणपत' म्हणता येईना. चार-पाचदा चुकली. पण म्हणत राहिली. तेव्हा मी पहिल्यांदा रडले. घरी नाव घ्यायलाच कुणी तयार नव्हतं."

डिग्री तिनं पूर्ण केली. परत आली त्या दिवशी अंगणात तिला पाणी दिलं, तर तिनं तांब्या भिरकावला, कुऱ्हाड उचलली आणि घराचं दार फोडून काढलं. बाप समोर उभा राहून बघत होता. तो "मार" म्हणाला, एवढंच. तिनं बापाला नाही मारलं. दाराची फळी न् फळी वेगळी केली आणि जव्हारला निघून आली. बापानं नवीन दार बसवलं. त्यातून ती दोन-तीन वर्षांनी पहिल्यांदा आत गेली म्हणतात. 

दिनेश आमच्याच पाड्यातला, दाभोशाच्या धबधब्याच्या अलीकडचा. मला तो भावासारखा. ताईच्या खोलीत आम्ही बरोबर जायचो. तिनं सगळ्यांत जास्त ढकललं असेल तर दिनेशला. तो हसायचा. पडायचा, धूळ झटकायचा, हसायचा. "नाय लागला ताई." एकदा तर तिनं त्याला पायऱ्यांवरून लोटलं, कोपर सोलपटलं, तरी तेच. मातीच्या अभ्यासासाठी त्याला इंग्लंडचं विद्यापीठ मिळालं तेव्हा सगळ्यांनी त्याला पेढे भरवले. ताईनं त्याची कॉलर धरली.

"तू एकदा पण बोलला नाहीस, दिनेश. सगळी परीक्षा पास झालास, माझी नाय झालास. मला तुझी भीती वाटते."

"काय होत नाय ताई."

"तेच. तेच मला नको हाय."

दिनेश इंग्लंडला पोचला. पुढच्या मे महिन्याच्या शेवटी त्याचा बाप गेला. गेला नाही, त्याला मारला. हे वाक्य ताईनं वाचलं असतं तर 'गेला' वर बोट ठेवलं असतं, म्हणून बदललं. बाजारातून येताना शेजारच्या पाड्यातल्या एकाशी भांडण झालं. दोघं प्यालेले, दोघं एकाच वीटभट्टीवर कामाला जाणारे. काठी डोक्यात बसली. जव्हारच्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच तो संपला. जीपच्या पत्र्यावरचं रक्त ड्रायव्हरनं नदीवर थांबून धुतलं, पण गाडीला वास राहिला. मारणाऱ्याला पोलिसांनी त्याच दिवशी नेलं. त्याची माणसं मात्र शेजारच्या पाड्यातच होती.

दिनेशचा काका, लक्ष्याकाका, अंगणात सगळ्यांसमोर म्हणाला, "दिनेशला कोणी सांगायचा नाय. त्याचे पेपर हायेत. आणि तो आला तर कोयता घेऊन त्यांच्या पाड्यात जाईल. एक गेला, दुसरा पण घालवू?"

मला त्याचं म्हणणं पटलं होतं. अजूनही अर्धं पटतं.

कॉलेजसाठी जव्हारला परतले तेव्हा ताईनं विचारलं, "घरी बरं हाय?" मी सवयीनं "हो" म्हणाले. तिनं माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितलं. तिच्या हातात पाण्याचा हंडा होता, तो तिनं तिथंच टाकला. पाणी दाराबाहेर वाहत गेलं.

"दिनेशचा फोन कधी येतो?"

"रविवारी दुपारी."

"परवा. तू येशील माझ्याबरोबर."

रविवारी दिनेशच्या घरी बापाच्या दिवसाचं जेवण होतं. अंगणात माणसं बसलेली, मोठ्या टोपात भात शिजत होता. दिनेशच्या घरात रेंज येत नाही. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे, तिथंच येते, म्हणून फोन तिथं ठेवलेला असतो. लक्ष्याकाका कोनाड्यापाशी बसला होता. ताईला बघून तो उठला.

"आली इंग्लंडवाली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता आपल्याला मरायचा कसा ते पण शिकवील."

दोघंतिघं हसले. ताई त्याच्याजवळून सरळ दिनेशच्या आईकडे गेली. काशीमावशी चुलीमागे गुडघ्यात डोकं घालून बसली होती.

"मावशी, त्याला तू सांग. मी नाय सांगणार. तुझ्या तोंडून जायला पाहिजे."

"तो मरंल," मावशी म्हणाली.

"फोटो बघून कळला तर जास्त मरंल. मी मेले होते."

"ए," काका मागून आला. "तुझ्या घरचा दार तोडलास, आता आमचा घर तोडाया आलीस काय?"

"लक्ष्या, तो पोर दर रविवारी विचारतो, बास कठं, बाप कठं. तू काय सांगतोस?"

"बाजाराला गेला सांगतो."

"दर रविवारी बाजार?"

कुणीतरी तिच्या दंडाला धरलं, तिनं हिसका दिला. दोघांनी धरलं. ती पायानं लाथा मारत होती, भाताच्या टोपावरचं झाकण उडालं, बायका ओरडायला लागल्या. मी मध्ये गेले तर मला कुणीतरी बाजूला फेकलं. मग काकानं गोठ्याला टेकवलेली काठी उचलली आणि तिच्या खांद्यावर मारली. हाडावर लाकूड बसल्याचा आवाज आला. त्या दिवशी बाजारच्या वाटेवर असाच आवाज झाला असणार, हे बहुतेक सगळ्यांच्या एकदमच मनात आलं, कारण सगळे थांबले. 

"लागलं," ताई मोठ्यानं म्हणाली. ती गुडघ्यावर आली होती. "खूप लागलं मला, लक्ष्या. आता बाजूला हो."

तेवढ्यात कोनाड्यातला फोन वाजला.

 फोन वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. काशीमावशी चुलीमागून उठली. माणसं बाजूला झाली. तिला फोन उचलता यायचा नाही, मी उचलला आणि कोनाड्यातच उभा करून ठेवला. पडद्यावर दिनेश होता, केस वाढलेले.

"आये! बास कठं? आज पण बाजारात?"

मावशी कोनाड्यापाशी वाकली.  

"दिनेश, तुझा बास मेला. त्याला मारला."

दिनेश आधी हसला. नेहमीसारखा. मग पडद्यावर छत दिसायला लागलं, पांढरं छत, आणि आवाज यायला लागले. काहीतरी मोठं पडलं. काच फुटली. तो बोलत नव्हता, ओरडत होता, आणि ते ओरडणं आमच्या गोठ्याच्या भिंतीतून येत होतं. हातात काठी असलेली, प्यालेली, रागावलेली सगळी माणसं त्या भिंतीसमोर उभी राहून ऐकत होती. मावशी फोनवर हात फिरवत होती.

ताई एका हातानं खांदा धरून फोनपाशी आली.

"दिनेश! तोड. काय तोडायचा ते तोड. स्वतःला हात लावू नको आणि फोन बंद करू नको. सगळे हायत इथं."

बराच वेळ तसाच गेला. मग आवाज थांबले, आणि ते थांबणं आधीपेक्षा वाईट होतं. ताई त्याचं नाव घेत राहिली. उत्तर नाही.  तिनं चूक केली असेल तर ती आता कळणार होती, आणि तिला ते माहीत होतं.

शेवटी दार ठोठावल्याचा आवाज आला. कुणी मुलगा इंग्रजीत काही विचारत होता. ताई एकदम इंग्रजीत बोलायला लागली. इतकी सरळ, शांत बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मला समजलं ते एवढं: याचे वडील वारले, याच्याजवळ बस, याला एकटं सोडू नको, आणि कॉलेजच्या त्या माणसांना बोलव. त्या मुलाचा चेहरा पडद्यावर आला. आमच्यासारखाच काळा, कुठल्या देशाचा होता माहीत नाही. त्यानं मान हलवली आणि दिनेशशेजारी फरशीवर बसला. मग दिनेशचा चेहरा दिसला. हातातून रक्त येत होतं, पण थोडंच.

"कोणी मारला?" त्यानं विचारलं.

काका पुढे झाला आणि "नको" म्हणाला. मावशीनं नाव सांगितलं.

"मी येतो," दिनेश म्हणाला. "येऊन कापतो."

"ये," ताई म्हणाली. "रडायला येणार असशील तर ये. कापायला येणार असशील तर तुझ्या आईला आत्ताच सांग, म्हणजे ती आज एकदाच दोघांसाठी रडंल."

मला ते फार क्रूर वाटलं.  त्या मुलानं दिनेशच्या हाताला टॉवेल गुंडाळला.

दिनेश आला नाही. दोन दिवसांनी त्यानं स्वतः फोन करून आईला सांगितलं: मी आलो तर मारीन, हे मला माहीत हाय, म्हणून येत नाय. तो पेपरला बसला नाही. पेपर पुढे ढकलून मिळाले. तो काउन्सिलरकडे जात होता. हे त्यानं मला सांगितलं, पण लाजत सांगितलं.

पाड्यात मात्र वेगळं बोललं गेलं. बाप मेल्याचं कळूनही पोरगा आला नाही, तो ताईमुळे. आईपासून पोर तोडला. तिचा खांद्याचा सांधा नीट बसला नाही, त्याबद्दल कुणी बोललं नाही. हळूहळू आईबापांनी पोरांना तिच्याकडे पाठवणं बंद केलं. वहिनींच्या नवऱ्यानं खोली सोडायला सांगितली. वहिनी म्हणे दोन दिवस जेवल्या नाहीत. ताई मोखाड्याला गेली, तिथं आरोग्याच्या कामात तिला नोकरी लागली.

मी तिला शेवटचं बघितलं ते मोखाड्याच्या बाजारच्या दिवशी. मी मावसबहिणीकडे गेले होते. जीपस्टँडवर ती भाज्यांची पिशवी घेऊन उभी होती. मी हाक मारणार, तेवढ्यात लक्ष्याकाका दिसला. तोही बाजाराला आला होता. त्या मारानंतर त्या दोघांची गाठ पडली नव्हती. तो तिच्याकडे गेला आणि फोन पुढे केला.

"दिनेश हाय. रडतो. तुझ्याशी बोलायचा म्हणतो."

ताईनं फोन घेतला नाही.

"तुझा पुतण्या हाय. तू बोल."

"मला नाय येत बोलाया."

"मला पण येत नव्हता. बोल. जे हाय ते बोल."

तो फोन कानाला लावून थोडा बाजूला गेला, भिंतीकडे तोंड करून. आमच्याकडे परदेशात बोलायचं म्हणजे ओरडायचं असतं, तसा तो ओरडत होता. "दिनेश... हां, मीच. अरे मी तिला मारली होती. खांद्यावर. हां. काठीनं." मग त्याचा आवाज खाली गेला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

जीप भरली होती. तो त्याच जीपनं जाणार होता, ताईला वाटेतल्या एका पाड्यावर उतरायचं होतं. ताई मागच्या पायरीवर चढली होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"चल ताई, माणसा ताटकळलीत. सोडू का गाडी?"

"सोडू नको."

"त्याचा काय भरवसा, तासभर बोलंल तो."

"बोलू दे."

आतली माणसं कुरकुरली. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. तेव्हा ताईनं एक पाय खाली जमिनीवर ठेवला, आणि नीट वर न जाणारा तो हात दात आवळून वर नेला आणि जीपच्या टपाची कांब घट्ट धरली. गाडी गुरगुरत, हलत होती. ती भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या माणसाकडे न बघता तशीच उभी होती, एक पाय आत, एक पाय बाहेर.